चांदणीपासून चांदणीपर्यंत

घरात तिला सगळे शंका म्हणत. लहानपणी प्रत्येक गोष्टीत "पण असं झालं तर?" विचारायची म्हणून वडिलांनी ठेवलेलं हे नाव. पुढे ती एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर झाली तेव्हा दादा म्हणाला, "बघा, हिच्या शंकांना आता पगारसुद्धा मिळायला लागला." दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधून काढणं हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं ऑफिसात कोणी नव्हतं. म्हणूनच स्वतःच्या हातून झालेली चूक एका पिशवीत भरून काउंटरवर येऊन पडली तेव्हा ती तिला जरा जास्तच झोंबली.

काउंटर वहिनीच्या दुकानातला. दुकान लोकरीचं. भिंतभर लाकडी खण आणि त्यात रंगांनुसार लावलेले गुंडे, बरण्यांमध्ये सुया, मागच्या बाजूला एक खोली, तिथे मोठं टेबल आणि एकीला दुसरी न जुळणाऱ्या खुर्च्या. त्या खोलीत दर रविवारी विणणाऱ्यांचा कंपू जमायचा. वहिनी नवे नवे नमुने बसवायची आणि कंपूतली मंडळी ते विणायची. हे नमुने पूर्वी वहिनी कागदावर लिहून त्यांचे फोटो साइटवर टाकायची. पण कंपूतल्या गाण्याच्या बाईंना फोटो वाचता येत नसे. बाई अंध होत्या. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, ताठ बसणाऱ्या आणि ताठ बोलणाऱ्या. त्यांचा फोन त्यांना मजकूर वाचून दाखवायचा, पण फोटोपुढे त्याचं तोंड बंद व्हायचं. म्हणून शंकाने हौसेने दुकानाची साइट नव्याने बांधली होती. साध्या मजकुराच्या फायली लिहायच्या, मधे मधे एक-दोन खुणा करायच्या, आणि एक प्रोग्राम त्यांची तयार पानं करून देतो, अशी. वहिनीलाही ते जमलं. "हे बरं आहे, पत्र लिहिल्यासारखं," ती म्हणाली होती.

आणि आता ही पिशवी.

पिशवी घेऊन आली होती इस्पितळातल्या नवजात विभागाची सिस्टर. वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी तिने कंपूकडे टोप्या मागितल्या होत्या. संत्र्याएवढी डोकी, त्यांना ऊब हवी. वहिनीने खास नमुना बसवला, साइटवर टाकला, आणि सगळ्यांनी भराभरा विणून टोप्या पाठवून दिल्या. सिस्टरने त्यातली एक बाहेर काढून काउंटरवर उभी केली. खाली रुंद, मधेच एकदम चिंचोळी, वर लांबुडकी मान.

"रागावू नका," सिस्टर म्हणाली, "मऊ आहेत, छान आहेत. पण आमच्याकडे बाळं असतात हो, बाटल्या नसतात."

वहिनीने टोपी उचलली, उलटी केली, ताणून पाहिली. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. "कोणी विणली ही?"

"सगळ्या अशाच आहेत," सिस्टर म्हणाली आणि पिशवी पालथी केली.

लाल, निळ्या, पिवळ्या बाटल्यांचा ढीग झाला. मागच्या खोलीतून मंडळी बाहेर आली आणि आपापली टोपी ओळखून ढिगाभोवती उभी राहिली. सिस्टर गेल्यावर वहिनीचा बांध फुटला. इतकं सोपं लिहून दिलं तरी जमत नाही म्हणजे काय, लक्ष कुठे असतं, असं ती बोलत सुटली.

शंका मात्र ढिगाकडे बघत होती. "वहिनी, थांब. एक जण चुकलं तर हाताची चूक. सगळे एकाच ओळीत चुकले तर हाताची कशी असेल?"

"मग कशाची?"

"बाई," शंकाने विचारलं, "तुम्ही नमुना ऐकून विणलात ना? आकार कमी करायची पहिली ओळ काय होती?"

बाईंना पाठ होती. त्यांनी कविता म्हणावी तशी म्हणून दाखवली. "सहा सुलट, दोन एकत्र, शेवटपर्यंत."

"आणि चांदण्या?" वहिनी म्हणाली.

"कुठल्या चांदण्या?"

वहिनीने काउंटरवरचा पेन घेऊन बिलाच्या पाठीवर ओळ लिहिली, जशी ती नेहमी लिहायची: *६ सुलट, २ एकत्र* शेवटपर्यंत. "ह्या! चांदणीपासून चांदणीपर्यंत जे आहे ते सगळं पुन्हा पुन्हा करायचं. सहा सुलट, मग दोन टाके एकत्र, परत सहा सुलट, परत दोन एकत्र. विणणाऱ्या जगाला माहीत आहे हे."

"मला चांदणी ऐकूच आली नाही," बाई म्हणाल्या. "मी सहा टाके सुलट घातले आणि तिथून शेवटपर्यंत दोन-दोन एकत्र करत गेले. टोपी आवळली तेव्हा वाटलं, नवी फॅशन असेल."

शंकाचं तोंड एवढंसं झालं. तिला कळलं होतं. साइट बनवणाऱ्या त्या प्रोग्रामच्या खुणांमध्ये चांदणीला आधीच एक अर्थ होता. दोन चांदण्यांमधला मजकूर तो तिरक्या अक्षरात छापायचा आणि चांदण्या टाकून द्यायचा. तिने फोनवर पान उघडलं. 'सहा सुलट, दोन एकत्र' ही अक्षरं अगदी किंचित कललेली होती. टेस्टर असून तिने स्वतः ते पान डोळ्यांखालून घातलं होतं आणि तिला काही दिसलं नव्हतं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी दुरुस्त करते."

सोपा उपाय लगेच होता. चांदणीच्या आधी एक तिरकी रेघ टाकली की प्रोग्राम चांदणीला हात लावत नाही. शंकाने वहिनीला ते दाखवलं. वहिनीने अर्धा नमुना तसा लिहिला आणि पेन आपटावा तसा कीबोर्ड ढकलला. "मी वीण बघू का या रेघा मोजू? एक रेघ राहिली की परत बाटल्या!"

दादा दुपारचा चहा घेऊन आला होता. तो म्हणाला, "एवढं कशाला? कागदावर लिहा, फोटो काढा. पूर्वी चाललं होतंच की."

"पूर्वी माझं चालत नव्हतं," बाई शांतपणे म्हणाल्या. दादा ओशाळला आणि त्याने न सांगता त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

मग शंकाने स्वतःचीच एक खूण काढली. दुहेरी कंस, मधे उभी रेघ, पुढे किती वेळा ते. दिसायला नेटकी होती. पुढच्या रविवारी तिने ती कंपूला शिकवली, आणि खोलीत असा गोंधळ झाला की गुंतलेला लोकरीचा गुंडा बरा. कोणी कंस उघडून बंद करायला विसरलं, कोणी उलटा लावला. कंपूतले निवृत्त बसचालक काका म्हणाले, "मी आयुष्यभर घाटात गाडी चालवली, पण हा कंस मला वळता येत नाही."

शंका चिडून मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसली. थोड्या वेळाने वहिनी आली आणि तिच्याशेजारी बसली. हातात विणकाम होतंच.

"एक विचारू? रागावणार नाहीस?"

"विचार."

"तुझ्या त्या प्रोग्रामला आमची भाषा शिकवता येत नाही का? आम्हीच का त्याची शिकायची? आम्हाला चांदणी म्हणजे काय ते माहीत आहे. त्यालाच माहीत नाही."

 शंका वहिनीच्या सुयांकडे बघत राहिली. मग उठली, आत गेली, मोठ्या टेबलाचा एक कोपरा मोकळा केला आणि लॅपटॉप उघडला.

प्रोग्रामला जोडण्या लावायची सोय होती. त्याच्या खुणांच्या भाषेत आपली भर घालता येत असे. पण शंकाने तोवर लोकांचा कोड तपासला होता, असला स्वतः कधी लिहिला नव्हता. पहिली जोडणी तिने लिहिली ती चाललीच नाही. तिच्या हाती मजकूर यायचा तेव्हा चांदण्या आधीच गिळलेल्या असायच्या. मागून कितीही शोधलं तरी तिथे काही नव्हतं. तिने प्रोग्राम कसा वाचतो हे पायरीपायरीने तपासलं, ऑफिसात दुसऱ्यांचे प्रोग्राम तपासायची तसंच. तेव्हा उलगडा झाला. तो आधी पानाचे तुकडे पाडतो: हा परिच्छेद, हे शीर्षक, ही यादी. मग प्रत्येक तुकड्याच्या आत शिरून चांदण्या वगैरे वाचतो. म्हणजे तुकडे पाडतानाच नमुना बाजूला काढायला हवा. प्रोग्राम आत शिरायच्या आधी त्याला दारातच सांगायचं, इथे तुझं काम नाही, हे माझं.

म्हणून तिने एकच नवी गोष्ट ठरवली. ओळीच्या सुरुवातीला 'वीण' हा शब्द आणि त्यापुढे सुरुवातीच्या टाक्यांचा आकडा. तिथपासून रिकाम्या ओळीपर्यंत सगळं विणणाऱ्यांच्या भाषेत. बाकी पानभर चांदणी पूर्वीसारखीच तिरकी अक्षरं करायला मोकळी.

मग राहिली ती भाषा. शंका वहिनीचे जुने नमुने वाचू लागली आणि तिच्या डोक्याला मुंग्या आल्या. "वहिनी, कुठे 'दोन एकत्र' लिहिलंयस, कुठे '२ए', कुठे नुसतं 'जोडून'. एकाच गोष्टीला तीन नावं?"

"तुला नाहीत का? घरात शंका, ऑफिसात मॅडम, आणि दादाचा चार्जर घेऊन जातेस तेव्हा तो जे म्हणतो ते."

शंकाने हसत तिन्ही नावं जोडणीत घातली. पुढच्या रविवारी कंपूला तिने काहीच शिकवलं नाही. नुसतं म्हणाली, "तुम्हाला जसं लिहायचं तसं लिहा." आणि मागे उभी राहून बघत राहिली. जिथे जोडणी अडखळे तिथे ती बदलायची ती जोडणी, माणूस नाही. काकांनी एका ठिकाणी चांदणीऐवजी फुली मारली, तर तिने फुलीही चालवून घेतली.

हे करता करता तिला आणखी एक गोष्ट सुचली. प्रोग्रामला आता सुलट म्हणजे काय, दोन एकत्र म्हणजे काय, पुन्हा म्हणजे कुठून कुठे, हे कळत होतं. मग त्याला मोजताही यायला हवं. तिने ते लिहिलं. टोपीच्या नमुन्यावर चालवून बटण दाबलं आणि वहिनीला हाक मारली.

पान उघडलं. प्रत्येक ओळ स्वच्छ, आणि तिच्या शेवटी एक बारीक आकडा. चौसष्टवरून छप्पन्न, मग अठ्ठेचाळीस, आठाआठाने उतरत थेट आठपर्यंत.

वहिनी बोट लावत खाली आली. "हे मी लिहिलं नव्हतं."

"नाही. तू लिहिलंस त्यावरून त्याने मोजलं."

"बरोबर आहे की!" वहिनी ओरडलीच. "अगं, अगदी बरोबर आहे!"

"आता खरी परीक्षा," शंका म्हणाली आणि बाईंना पान उघडायला सांगितलं.

बाईंनी फोन कानाशी धरला. त्यांचा फोन इतक्या भरभर बोलायचा की दुसऱ्या कोणाला ते शब्द वाटतही नसत. बाई ऐकत होत्या आणि खोली त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग त्यांनी फोनचा वेग कमी केला आणि आवाज मोठा केला. सगळ्यांना ऐकू आलं: "सहा सुलट, दोन एकत्र. एवढं आठ वेळा. ओळ संपल्यावर सुयांवर छप्पन्न टाके."

"परत लावू?" बाईंनी विचारलं, आणि परवानगीची वाट न बघता परत लावलं. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मी एकटी मोजत होते. आज कोणीतरी माझ्याबरोबर मोजतंय."

शंकाने घाईघाईने चष्मा पुसायला घेतला.

टोपीचा नमुना जमला, तसे शंकाने साइटवरचे सगळे नमुने जोडणीवर चालवून पाहिले. स्वेटर, गळपट्टे, हातमोजे, सगळे सुरळीत गेले. एकावर मात्र लाल ओळ उमटली. वहिनीचा मोज्याचा नमुना. दुकानातला सर्वांत जास्त खपणारा. टाचेपाशी जोडणीने लिहिलं होतं: 'ही ओळ जुळत नाही. दोन टाके कमी पडतात.'

"तुझ्या यंत्राचं काहीतरी चुकलंय," वहिनी म्हणाली.

शंकाने हाताने मोजलं. "त्याचं बरोबर आहे, वहिनी."

"माझ्या लग्नाच्या आधीपासून मी हा मोजा विणतेय! अख्ख्या गल्लीच्या पायात आहे! आणि परवा जन्माला आलेली तुझी जोडणी मला टाच शिकवणार?"

"मी टाच शिकवत नाही. लिहिलंय त्यात दोन टाके नाहीत एवढंच म्हणतेय."

"लिहिलंय तसंच विणते मी!"

 अखेर बाई म्हणाल्या, "भांडू नका. वहिनी, टाचेपासून वीण बरं. मी हात ठेवते."

वहिनीने तणतणत अर्धा मोजा काढला. बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि आपली बोटं तिच्या बोटांवर अलगद टेकवली. वहिनी विणू लागली. टाच वळली, कडेचे टाके उचलले, सुई कोपऱ्यातून फिरली.

"इथे काय केलंस?" बाई म्हणाल्या.

"कुठे? काही नाही."

"मागे जा. परत कर."

वहिनीने टाका उसवला आणि परत केला. या वेळी ती स्वतःच थबकली. सुईचं टोक कोपऱ्यातल्या भोकात गेलं होतं आणि तिथून एक जादा टाका वर आला होता.

"हा? हा भोक पडू नये म्हणून. दोन्ही कोपऱ्यांतून एक-एक उचलायचाच असतो. सगळेच उचलतात."

"मी नाही उचलत," बाई म्हणाल्या. "कुठे लिहिलंय?"

"माझ्या मोज्याला तर कायम घोट्याशी भोक पडतं," काका म्हणाले. "मला वाटायचं माझा हातच तसा आहे."

"माझ्याही!" दुसरी एक जण म्हणाली, आणि मग एकेकाने पाय पुढे केला. वहिनी वाकून त्या घोट्यांकडे बघत राहिली. ही सगळी मंडळी कधी ना कधी तिच्याकडे मोजा घेऊन आली होती, आणि तिने 'द्या इकडे' म्हणत दोन मिनिटांत तो नीट करून दिला होता. काय केलं ते तिच्या बोटांना माहीत होतं, तिला नव्हतं.

ती एकदम हसायला लागली. इतकी की तिला सुया खाली ठेवाव्या लागल्या. "म्हणजे मी आयुष्यभर दुकानात बसून भोकं बुजवली, आणि पाडतही मीच होते!" मग पदराने डोळे पुसून तिने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. "सरक. मी लिहिते." तिने ओळ लिहिली, शंकाने बटण दाबलं. लाल रंग गेला. कंपूने अशा टाळ्या वाजवल्या की रस्त्यावरून जाणारा माणूस आत डोकावून गेला.

टोप्यांचं काम त्याच दिवशी पुन्हा सुरू झालं. या वेळी कोणी कोणाला फोन करून विचारलं नाही. ओळीच्या शेवटचा आकडा आणि सुईवरचे टाके जुळले की पुढे जायचं. पहिली टोपी बाईंचीच पुरी झाली. पांढरी, गोल, वर बारीक गाठ. वहिनीने ती आपल्या मुठीवर चढवली आणि मूठ उंच धरून खोलीभर फिरवली.

सिस्टर यावेळी टोप्या न्यायला आली नाही. तिने कंपूलाच बोलावलं. नवजात विभागात आत जाता येत नव्हतं. बाहेरच्या मार्गिकेत काचेपाशी सगळे दाटीवाटीने उभे राहिले. आत ऊब देणाऱ्या काचपेट्यांची रांग होती, प्रत्येक पेटीत एक मूठभर जीव, आणि प्रत्येक डोक्यावर एक टोपी. लाल, निळी, हिरवी, पांढरी. एकही सैल नाही, एकही चिंचोळी नाही.

"सांग ना," बाई शंकाच्या दंडाला धरून म्हणाल्या.

शंकाने सांगायला सुरुवात केली. डावीकडून पहिलं बाळ झोपलंय, टोपी हिरवी, काकांची. दुसऱ्याने हात वर केलाय. तिसऱ्याच्या डोक्यावर पांढरी आहे. "तुमची आहे, बाई. भुवयांपर्यंत आली आहे, कान झाकलेत."

"सैल?"

"अजिबात नाही. त्याच्यासाठीच विणल्यासारखी."

बाईंची मान आधीच ताठ असायची, ती आणखी ताठ झाली. सिस्टर आतून एका बाळाला उचलून काचेजवळ घेऊन आली आणि त्याची टोपी त्यांना गोल फिरवून दाखवली, चारही बाजूंनी. काकांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून सलाम केला. वहिनी रडत होती आणि त्याच वेळी टाकेही मोजत होती, ओठ हलताना दिसत होते.

शंकाने ती जोडणी सगळ्यांना फुकट वापरता येईल अशी खुली करून ठेवली. सोबत वापरायचं कसं ते लिहिलं, आणि वहिनीचे नमुने उदाहरणं म्हणून जोडले. कोणी घेईल असं तिला वाटलं नव्हतं. पण दूरच्या एका विणकाम शाळेने ती घेतली आणि त्यांच्या भाषेतले सुलट-उलट आत घातले. मग आणखी एका दुकानाने. ऑफिसात तिच्या साहेबांच्या कानावर गेलं, आणि त्यांनी सगळ्यांसमोर ती कशी चालते ते तिच्याकडून समजावून घेतलं. शंका त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत उभी होती, आणि एकाही उत्तराआधी तिला थांबावं लागलं नाही.

एका दुपारी दुकानात ती लॅपटॉपवर काहीतरी वाचून मोठ्याने हसली. वहिनी गिऱ्हाईकाला लोकर मोजून देत होती.

"काय झालं?"

"एक बाई लिहितेय. ओळखीची नाही. ती छोट्या लाकडी रिळांवर दोरे गुंडाळून जाळी विणते. विचारतेय, या जोडणीला आमची जाळी शिकवता येईल का? आमच्याकडे चार दोरे एकाच वेळी चालतात, म्हणे."

"चार?" वहिनीने लोकर काउंटरवर ठेवली. गिऱ्हाईकाला म्हणाली, "एक मिनिट हं, ताई." आणि येऊन शंकाच्या खांद्यावरून वाकून बघू लागली. त्या अनोळखी बाईने आपल्या जाळीची एक ओळ लिहून पाठवली होती. दोघींनी ती वाचली. काही म्हणजे काही कळलं नाही.

"चार दोरे," वहिनी परत म्हणाली, डोळे चमकवत. "लिही तिला, हो. शिकवता येईल म्हणावं. पण आधी तू विणतेस कसं ते आम्हाला दाखव, म्हणावं."